पाणी कधी आटतं? शास्त्री खोऱ्यातल्या वाड्यांचा हीट मॅप : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

आज देवरुखला तिघं बसलो आणि काम नक्की केलं. संगमेश्वर तालुक्यातली नऊ गावं घ्यायची. सह्याद्रीच्या पायथ्यापासून खाली जयगड खाडीच्या आत शिरलेल्या फाट्यापर्यंत, शास्त्री नदीच्या दोन्ही अंगांची. प्रत्येक वाडीची विहीर, बाव, झरा, नदीपात्रात खणलेला डवरा, जे काही पाण्याचं ठिकाण असेल ते, आणि त्याचं पाणी कधी आटतं ते लिहून आणायचं. मग हे सगळं एका नकाशावर रंगात मांडायचं (यालाच हीट मॅप म्हणतात), म्हणजे १ मेच्या ग्रामसभेत लोकांपुढे ठेवता येईल.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरी एप्रिल लागला की कितीतरी वाड्या टँकरची वाट बघतात. घाटावरच्या माणसाला हे सांगूनही पटत नाही. कारण आपल्या पायाखाली आहे. वर जांभा, भोकाभोकांचा, चाळणीसारखा. त्याच्याखाली चिकणमातीचा थर, आणि तिच्याखाली काळा कातळ. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावर, पडलेलं पाणी जांभ्यातून उतरतं, चिकणमातीवर अडतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. त्यापुढे समुद्रापर्यंत सगळा उतारच. डोंगरात साठलेलं पाणी काही महिन्यांत वाहून संपतं. कुठला डोंगर किती दिवस पुरतो, एवढंच आम्हाला शोधायचं आहे.

९ फेब्रुवारी

पहिला दिवस वाड्यांवर. मोबाइलवर क्यूफील्ड हे नोंदी घेण्याचं अॅप घेतलं आहे, रेंज नसली तरी चालतं. जीपीएस उघड्यावर पाच-दहा मीटरपर्यंत बरोबर दाखवतो, फणसाच्या दाट सावलीत मात्र ठिपका भरकटतो. कोकणातली विहीर झाडाखालीच असते, त्यामुळे काठावर दोन मिनिटं थांबून मगच नोंद करायची असं ठरवलं.

गुरववाडीच्या काकींनी आज जे दाखवलं ते लिहून ठेवलंच पाहिजे. मी विचारलं, "काकी, विहीर किती खोल?" त्यांनी उत्तर न देता पडवीच्या खुंटीवरचा दोर काढून माझ्या हातात दिला. निळा नायलॉनचा दोर, त्याला एक काथ्याचा जोड, आणि बरोबर जुन्या नायलॉनचा एक सुटा जोड. "पावसाळ्यात निळा एकटाच पुरतो. हा जोड संक्रांतीला लावला. हा पुढचा शिमग्याला लागंल. तिसरा लागला की समजायचं, आता खालच्या पऱ्यावर जायचं." पऱ्या म्हणजे ओढा.

आम्ही तिथेच अंगणात दोर पसरून टेपने मोजला. निळा साडेपाच मीटर. पहिल्या जोडाने सव्वासात, दुसऱ्याने नऊला थोडा कमी. गाठी पकडीने झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, आणि दोन्ही जोड दर वर्षी त्याच जागी बांधतात म्हणून निळ्या दोराच्या टोकाला कायमचा पीळ पडला होता. संक्रांतीला पाणी किती खाली होतं, शिमग्याला किती जाईल, हे सगळं त्या दोरात आहे. इतकी वर्षं कुणीतरी विहिरीची पातळी नोंदवत होतं आणि ते खुंटीला टांगलेलं होतं.

फॉर्ममध्ये आजच नवा रकाना टाकला: "दोराला जोड कधी लावता?" यापुढे प्रत्येक घरी दोर मोजायचा.

१६ फेब्रुवारी

तारखांचा घोळ. "विहीर कधी आटते?" या प्रश्नाला कुणी तारीख सांगत नाही. शिमगा, पाडवा, अक्षय्य तृतीया, मिरग (मृग नक्षत्र), असंच उत्तर येतं. ते बरोबरही आहे, फक्त गणकयंत्राला समजेल असं करावं लागतं. शिमग्याची होळी २०२३ साली ६ मार्चला होती, २०२४ साली २४ मार्चला, आणि या वर्षी १३ मार्चला आहे. म्हणजे "शिमग्याला आटली" या एकाच उत्तरात अठरा दिवसांचा फरक बसतो, कारण २०२३ साली अधिक श्रावण आला होता. विहिरीच्या हिशोबात अठरा दिवस म्हणजे पुष्कळ. मिरगाचं तसं नाही, तो सूर्यावर चालतो, दर वर्षी ७-८ जूनलाच.

आता प्रत्येक उत्तराबरोबर "कुठल्या वर्षीचं?" हेही विचारतो, आणि ज्यांना वर्ष सांगता येत नाही त्यांची नोंद वेगळ्या खुणेने ठेवतो. गावच्या आरोग्यसेविका, आशाताई, या कामात फार मदत करतात. कुठल्या घरी बाळंतपण होतं तेव्हा पाणी कुठून आणलं होतं, हे त्यांना महिन्यानिशी आठवतं.

२३ फेब्रुवारी

एका कार्यालयातून मागच्या काही उन्हाळ्यांतल्या टँकर फेऱ्यांची यादी मिळाली. आनंद झाला आणि संध्याकाळपर्यंत तो ओसरला. यादीत फक्त गावाचं नाव आहे, वाडीचं नाही. गावाच्या नावावरून ठिपका पाडला की तो गावाच्या मध्यबिंदूवर पडतो. आमच्या एका गावात तो मध्यबिंदू नेमका देवळाच्या चौकात आला. सगळ्या फेऱ्या तिथे एकावर एक साठल्या आणि नकाशावर देवळापाशी लालभडक गोळा उमटला. त्या देवळाची बाव मे महिन्यातसुद्धा आटत नाही, उलट सगळे तिथूनच पाणी नेतात.

गावाचं क्षेत्र आणि वाड्यांची फेक बघता कोकणात गाव हे एकक फार मोठं पडतं. एका गावात दहा-बारा वाड्या, एक नदीकाठी तर एक सड्यावर, मध्ये पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, तासाभराची चढण. गावाच्या नावाने केलेला कुठलाही हीट मॅप इथे खोटं बोलणार. यादी बाजूला ठेवली. फक्त कुठल्या गावात विचारपूस जास्त करायची, एवढ्यापुरती ती वापरू.

२ मार्च

छोटी चूक, पण दिवस गेला. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हीट मॅप काढताना त्रिज्या ५०० टाकली आणि अख्खा पडदा एकाच रंगाने भरला. आमचे ठिपके अक्षांश-रेखांशात होते, म्हणून त्याने ५०० मीटर न समजता ५०० अंश समजलं. सगळा थर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर या विभागात बदलून घेतला, कोकण त्याच विभागात येतं. आता मीटर म्हणजे मीटर.

९ मार्च

त्रिज्येवर दिवसभर वाद. बरोबरच्या दोघांना हे नवीन आहे, म्हणून त्यांना समजावताना जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो.

अंगणात प्रत्येक विहिरीच्या जागी सुपातून मूठभर भात ओतला, असं धरायचं. प्रत्येक ठिकाणी लहानशी रास होते, मध्ये उंच, कडेला उतरती. दोन राशी जवळ आल्या की त्यांच्या कडा मिसळतात आणि मधल्या जागेतही भात साठतो. सगळे ठिपके ओतून झाल्यावर अंगणात जिथे जितका भात उंच, तिथे तितका गडद रंग. हीट मॅप एवढाच. त्रिज्या म्हणजे रास किती पसरते ते. २०० मीटर घेतली तर प्रत्येक विहीर सुटी दिसते आणि नकाशा पुरळ उठल्यासारखा होतो. दोन किलोमीटर घेतली तर तीन गावांची मिळून एकच रास होते आणि वाडीच दिसेनाशी होते.

आमच्या वाड्या एकमेकींपासून साधारण चारशे ते सातशे मीटरवर आहेत. म्हणून ५०० वर थांबलो. हा आकडा कुठल्या सूत्रातून आला नाही, वाडीतली बाई कळशी घेऊन पाण्यासाठी जितकं चालते तेवढा घेतला. मला तो पटतो. सूत्राने निघणारी त्रिज्या ठिपक्यांच्या फेकीवरून ठरते, माणसांच्या चालण्यावरून नाही.

मोबाइलवरच्या नकाशाची एक गोष्ट मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. वेबवरचे बरेच हीट मॅप त्रिज्या मीटरमध्ये न घेता पडद्यावरच्या पिक्सेलमध्ये घेतात. झूम केलं की डाग फुटतात, झूम कमी केलं की एकत्र होतात. जमिनीवर काहीच बदललेलं नसतं.

१६ मार्च

शिमगा. पालखी नाचतेय, काम बंद. पण एक गोष्ट टिपली: चाकरमानी आले आणि एका आठवड्यात कुलूपबंद घरं उघडली. गुरववाडीच्या काकींचा दुसरा जोड होळीच्या आदल्या दिवशीच लागला. घरांची संख्या लिहिताना "बारमाही उघडं" आणि "सणाला उघडं" असे दोन रकाने करायला हवेत.

२३ मार्च

आज नकाशा हातात घेऊन चाललो आणि त्याची दुसरी मोठी खोट सापडली. नदीच्या एका बाजूची तेलीवाडी आणि समोरची बौद्धवाडी, दोघींमध्ये सरळ रेषेत सहाशे मीटर. नकाशाने दोघींचा रंग मिसळून एक केला. प्रत्यक्षात मध्ये खोल दरी आहे, खाली पऱ्या आहे, आणि साकव गेल्या पावसाळ्यात वाहून गेलाय. एकीकडून दुसरीकडे जायला पाऊण तास लागतो. तेलीवाडीच्या विहिरीचा बौद्धवाडीला काहीही उपयोग नाही, पण नकाशावर दोघींचं पाणी एकच दिसतं.

खाडीकाठी तर याहून वाईट. भरतीचं खारं पाणी आत येतं तिथल्या दोन विहिरींचं पाणी फेब्रुवारीपासूनच मचूळ होतं. विहिरीत पाणी भरपूर, पण पिता येत नाही. आणि रंग खाडीच्या पाण्यावर, कांदळवनावर, सगळीकडे पसरतो, जसं काही खाडीलाही तहान लागली आहे.

१८५४ साली लंडनमध्ये कॉलरा पसरला तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे मृत्यू घरनिहाय नकाशावर मांडले, हे बहुतेकांना माहीत असतं. मला त्यांच्या नंतरच्या नकाशातली एक रेषा जास्त महत्त्वाची वाटते. कुठल्या घराला कुठला पंप जवळ पडतो याची ती सीमा होती, आणि ती त्यांनी सरळ अंतराने न काढता रस्त्याने चालण्याच्या अंतराने काढली होती. आम्हालाही तेच करायला हवं. पाखाड्या आणि पायवाटा नकाशात नाहीत, त्या चालत जाऊन नोंदवाव्या लागतील. सुरुवात केली.

२० एप्रिल

पायवाटा जवळजवळ संपल्या. हीट मॅप नदीवर आणि खाडीवर कापून घेतला, म्हणजे रंग पलीकडे झिरपत नाही. मचूळ विहिरी वेगळ्या थरात.

आज रंग ठरवले. आधी इंद्रधनुष्यी रंगपट्टी होती: निळा, हिरवा, पिवळा, लाल. पडद्यावर छान दिसते. ग्रामपंचायतीत मात्र झेरॉक्सच निघणार, म्हणून एक प्रत झेरॉक्स करून बघितली. लाल आणि गडद निळा दोन्ही सारखेच काळपट आले, म्हणजे सर्वांत कोरडी आणि सर्वांत भरलेली वाडी एकसारखी. शिवाय लाल-हिरव्यात फरक न दिसणारी माणसं प्रत्येक गावात असतात. आता एकाच दिशेने फिक्यापासून गडद होत जाणारी पट्टी घेतली, फिक्या पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत. झेरॉक्समध्येही क्रम टिकतो.

१ मे

ग्रामसभा. नकाशा मोठा छापून शाळेच्या भिंतीला लावला होता. लोक उठून जवळ आले, बोट ठेवून आपापली विहीर शोधली, दोन ठिकाणी आमची चूक काढली. हे सगळं हवं होतं तसंच झालं.

मग धनगरवाड्याच्या आजी पुढे आल्या. सकाळी सहाला निघून खाली उतरल्या होत्या. त्यांनी नकाशाकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आमचा धनगरवाडा कुठं हाय ह्यात?"

मी वर, सड्याच्या कडेला बोट ठेवलं. तिथे कागद पांढरा होता.

"पांढरं म्हंजे पानी हाय असं लिवलंय काय?"

मला उत्तर देता आलं नाही. धनगरवाड्याचा एक झरा आमच्या नोंदीत आहे. सहा घरं, एकच झरा, एकच ठिपका. आमच्या राशीच्या हिशोबात एका ठिपक्याची रास इतकी बुटकी की ती रंगपट्टीच्या पहिल्या पायरीपर्यंतही पोचली नाही. आणि गावठाणाजवळ चौदा विहिरी, त्यातल्या निम्म्या मेपर्यंत टिकणाऱ्या, तिथे सर्वांत गडद डाग.

म्हणजे तीन महिने आम्ही जो नकाशा घडवत होतो तो तहानेचा नव्हताच. विहिरी कुठे दाटीने आहेत, तेवढंच त्याने दाखवलं. शिवाय, "इथे पाणी आहे" आणि "इथली नोंदच नाही" या दोन वेगळ्या गोष्टी त्यावर एकाच पांढऱ्या रंगात होत्या. आजींनी एका वाक्यात विचारलं ते आम्ही फेब्रुवारीतच विचारायला हवं होतं.

सभेत उठून मी हे सांगितलं. सरपंचताई म्हणाल्या, "मग दुरुस्त करून आणा, आराखड्यात घालूया." आजींना मी म्हटलं, "आजी, रविवारी वर येतो."

४ मे

धनगरवाड्यावर गेलो. चढण दीड तासाची, शेवटचा टप्पा उघड्या कातळावरून. झरा म्हणजे खडकातली खोबण, तिच्यात नारळाच्या करवंटीने पाणी भरतात. एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघितलं: बावीस मिनिटं. सहा घरांच्या बायका रात्रीपासून पाळी लावतात. हंडे रांगेत ठेवलेले, प्रत्येकाच्या तोंडावर पानांची चुंबळ, कुणाचा कुठला ते चुंबळीवरून ओळखायचं.

परत येऊन रात्री पद्धत बदलली. दाटी मोजणारा हीट मॅप इथे चुकीचं साधन आहे. तो अपघात कुठे जास्त होतात, सर्पदंश कुठे जास्त होतात, अशा घटना मोजायला चांगला, आणि तिथेही लोकसंख्येने भागल्याशिवाय तो फक्त माणसं कुठे राहतात हेच सांगतो. आमच्याकडे प्रत्येक ठिकाणी एक मूल्य आहे, कोरडे आठवडे. ते मोजायचं, ठिपके नाहीत.

ठिपक्यांच्या मधल्या जागेत ते मूल्य अंदाजाने भरूनही बघितलं, जवळच्या विहिरीला जास्त वजन आणि लांबच्याला कमी, अशा रीतीने. गुळगुळीत, देखणा नकाशा आला. पण दोन वाड्यांच्या मधल्या जंगलात कुणी राहत नाही, तिथला रंग कुणासाठी? तोही काढला.

शेवटी वाडीनिहाय गोल. रंग म्हणजे एप्रिल ते पाऊस येईपर्यंत किती आठवडे कोरडे. गोलाचा आकार म्हणजे बारमाही उघडी घरं, पण सहा घरांचाही गोल स्पष्ट दिसेल इतका किमान आकार ठेवला. आणि नोंद नसलेल्या वाडीला पांढरं न ठेवता तिरप्या रेघा. धनगरवाडा आता पानावरचा सर्वांत गडद गोल आहे.

१८ मे

मग हीट मॅप पूर्ण सोडायचा का? मला वाटलं होतं हो. आज पोलीस पाटलांनी मत बदललं. म्हणाले, "विहिरी दाखवा, पण झरे असे बोटाने दाखवू नका. नेटवर टाकलंत तर उद्या कोणीतरी झऱ्याच्या वरच्या अंगाची जमीन घेऊन तिथे बोअर मारील." ते खरं आहे. विंधण विहीर वर पडली की खालचा झरा आटतो, हे दोन गावांनी आम्हाला सांगितलंय.

२०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या व्यायामाच्या अॅपच्या जगभरच्या हीट मॅपवरून लष्करी तळांच्या आतल्या धावण्याच्या वाटा लोकांना दिसल्या होत्या. निर्जन प्रदेशात एकट्या माणसाची वाटसुद्धा उठून दिसली. आमचा एकटा झराही तसाच उठून दिसेल.

म्हणून दोन नकाशे. ग्रामपंचायतीत ठेवायचा तो गोलांचा, पाखाड्यांसकट, छापील. बाहेर द्यायचा तो हीट मॅप, दोन किलोमीटर त्रिज्येचा, कोरड्या आठवड्यांचं वजन देऊन आणि घरांनी भागून. ज्यात झऱ्याची जागा सापडणार नाही, पण कुठला पट्टा तहानलेला आहे ते कळेल. मार्चमध्ये जो पसरटपणा मला दोष वाटत होता, तो इथे कामाला आला. सहाच घरं असलेल्या ठिकाणी भागाकार वेडावाकडा उसळतो, म्हणून वीसपेक्षा कमी घरांच्या वाड्या शेजारच्या वाडीत मिळवून मग भागलं.

२६ मे

मेच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच पाऊस, आणि काल मॉन्सून देवगडपर्यंत आल्याचं जाहीर झालं. मिरगाच्या दोन आठवडे आधी. भाताचे तरवे भाजायचे राहिलेत म्हणून गावात धावपळ आहे. आमची शेवटची फेरी अर्धवट राहिली, एकोणीस विहिरी बघायच्या होत्या.

८ जून

मृग. गुरववाडीला गेलो. काकींनी दोन्ही जोड सोडून वळकटी करून आढ्याला खोचले होते, खुंटीवर निळा दोर एकटा. "तिसरा जोड ह्या वर्षी लागलाच नाय," त्या म्हणाल्या. एकोणीसपैकी अकरा विहिरींवर हेच ऐकलं: आटायच्या आत पाऊस आला.

फॉर्ममध्ये या विहिरींपुढे "कोरडे आठवडे" हा रकाना भरायचा होता. बरोबरच्या मुलाने शून्य लिहिलं होतं. ते खोडून रिकामं ठेवलं आणि शेजारी लिहिलं, "पाऊस लवकर, २०२५". शून्य राहिलं असतं तर पुढच्या वर्षी नकाशा काढणाऱ्याला वाटलं असतं की काकींची विहीर कधी आटतच नाही. २०२३ आणि २०२४ ची उत्तरं त्याच ओळीत ठेवली आहेत. पुढची फेरी संक्रांतीला, पहिला जोड लागेल तेव्हा.